हिरव्या डच वस्तीत घर घेताना: बागेखालची माती आधी बघा

ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलवीनमध्ये मे महिन्यात घर बघायला गेलं की पहिल्या दहा मिनिटांतच मन होकार देऊन मोकळं होतं. मागे बाग, बागेच्या टोकाला पाण्याचा चर, त्यात बदकं, समोर गाड्या हळू चालवाव्या लागतात असा रस्ता, शाळा सायकलने पाच मिनिटांवर. पण हे सगळं हिरवं आहे ते पाण्यातून काढलेल्या, अजूनही खचणाऱ्या जमिनीवर आहे म्हणून. डच घरखरेदीत माणसं पैसे घालवतात ती दोनच कारणांनी: पैशाचं गणित बोली लावल्यानंतर केलं, किंवा वरचं हिरवं बघताना खालची माती बघायची राहिली. हा लेख बाग असलेलं जुनं, म्हणजे दुसऱ्याकडून विकत घ्यायचं कुटुंबाचं घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. उदाहरण ॲमस्टलवीनचं, कारण ॲमस्टरडॅमजवळची बरीच मराठी कुटुंबं तिथेच घर शोधतात. युट्रेख्त, आइंडहोवन किंवा हेगमध्येही पायऱ्या याच राहतात, माती मात्र बदलते. रकमांच्या मर्यादा २०२६ च्या आहेत आणि त्या दर १ जानेवारीला बदलतात.

फुंडा उघडण्याआधी: पैसा

फुंडा हे घरांच्या जाहिरातींचं मुख्य संकेतस्थळ. त्यावर रोज घरं बघायची सवय लागण्याआधी हिपोथेक म्हणजे गृहकर्ज सल्लागाराकडे जा. स्वतंत्र सल्लागार साधारण २,००० ते ३,५०० युरो घेतो. पहिली भेट बहुतेक ठिकाणी फुकट असते. कर्जाची कमाल रक्कम सरकारी निकषांवर ठरते आणि ती ढोबळ मानाने वार्षिक पगाराच्या साडेचार ते पाच पट येते. व्याजदर, दोघांचे पगार, चालू कर्जं आणि घराचं एनर्जी लेबल, म्हणजे घर किती ऊर्जा वाचवतं याची श्रेणी, यांनी ती वरखाली होते. चांगल्या लेबलच्या घराला जास्त कर्ज मिळतं. ए किंवा बी लेबलला १०,००० युरो जास्त, ई, एफ, जी लेबलला काहीच नाही.

चालू कर्जं सल्लागाराला आधीच सांगा. खाजगी लीजवरची गाडी, हप्त्यावर घेतलेला महागडा फोन, बँक खात्याची उणे जाण्याची मर्यादा, हे सगळं बीकेआर या नोंदवहीत दिसतं आणि कर्जाची रक्कम खाली ओढतं. न वापरलेली मर्यादासुद्धा मोजली जाते, म्हणून ती महिनाभर आधी बंद करा. पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज डच नोंदवहीत दिसत नाही, तरी अर्जात लिहावंच लागतं. लपवलं आणि खात्यातून भारतात जाणारा हप्ता बँकेला दिसला, तर अर्ज तिथेच संपतो.

कायमचा रहिवासी परवाना नसला तरी उच्चकुशल स्थलांतरितांच्या परवान्यावर कर्ज देणाऱ्या बँका आहेत. पण सगळ्या नाहीत आणि प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. स्वतंत्र सल्लागार लागतो तो याचसाठी. पगारावर ३० टक्क्यांची करसवलत असेल तर आणखी एक हिशेब करा. ती सवलत जास्तीत जास्त ५ वर्षं चालते, कर्ज ३० वर्षं. पाच लाख युरोचं कर्ज ४ टक्क्यांनी घेतलं तर समान हप्त्याच्या पद्धतीत महिन्याला साधारण २,३९० युरो जातात. सवलत संपल्यावर हातात येणाऱ्या पगारातून हा हप्ता, पाळणाघर आणि भारतवारी निघते का, ते आजच कागदावर मांडा.

आता स्वतःच्या खिशातले पैसे. डच बँक घराच्या मूल्यांकनाच्या १०० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, पण त्या किमतीच्या वरचा खर्च तुमचा. जाहिरातीत किमतीपुढे असलेल्या 'कॉस्टन कोपर' या शब्दांचा अर्थ हाच: खरेदीचा खर्च घेणाऱ्याचा. ५,६०,००० युरोच्या घराचा हिशेब असा बसतो. हस्तांतरण कर २ टक्के, म्हणजे ११,२००. नोटारिस, म्हणजे दस्त करणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ, याच्याकडचे दोन दस्त आणि नोंदणी मिळून १,८०० च्या आसपास. मूल्यांकन अहवाल ८००. कर्ज सल्लागार ३,०००. तुमचा स्वतःचा एजंट ३,५००. इमारतीची तपासणी ५५०. अनामत रकमेऐवजी द्यायची बँक हमी सुमारे ५६०. बेरीज साडेएकवीस हजारांच्या जवळ जाते. डच नीट येत नसेल तर नोटारिसकडे शपथबद्ध दुभाषी लागतो, त्याचे काही शे युरो वेगळे.

यावर खरा खड्डा पडतो तो मूल्यांकनाचा. तुम्ही ५,६०,००० ची बोली लावली आणि मूल्यांकन ५,४५,००० आलं, तर मधले १५,००० युरो बँक देत नाही. ते रोख भरायचे. म्हणजे स्वतःचे ३७,००० तयार हवेत, आणि घर रंगवायला, पडदे-फरशीला एक युरोही त्यात धरलेला नाही. डच घरं पुष्कळदा जमिनीच्या आच्छादनाशिवाय आणि दिव्यांशिवाय मिळतात हे लक्षात असू द्या.

३५ वर्षांच्या आतल्यांसाठी एक मोठी सूट आहे. पहिल्यांदा ती वापरणाऱ्याला, स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घरावर हस्तांतरण कर शून्य, पण २०२६ मध्ये घराची किंमत ५,५५,००० युरोपर्यंत असेल तरच. ही मर्यादा कड्यासारखी आहे. ५,५५,००० ला कर शून्य आणि ५,५६,००० ला पूर्ण रकमेवर ११,१२०. म्हणून मर्यादेजवळच्या घरावर हजार युरो वाढवण्याआधी थांबा. नवराबायकोंपैकी एकच ३५ च्या आत असेल तर फक्त त्याच्या किंवा तिच्या हिश्शावर सूट मिळते. वय मोजलं जातं ते नोटारिसकडे दस्त होण्याच्या दिवशीचं, करारावर सही झाली त्या दिवशीचं नव्हे. पस्तिसावा वाढदिवस जवळ आला असेल तर हस्तांतरणाची तारीख त्याच्या आधीची मागा.

४,७०,००० युरोपर्यंतच्या घरांना एनएचजी ही राष्ट्रीय कर्जहमी घेता येते. तिला कर्जाच्या ०.४ टक्के लागतात, बदल्यात व्याजदर कमी मिळतो आणि घटस्फोट, बेकारी, जोडीदाराचा मृत्यू अशा कारणाने घर तोट्यात विकावं लागलं तर अटींवर आधार मिळतो. ॲमस्टलवीनमध्ये बाग असलेलं घर या रकमेत क्वचित बसतं. फ्लॅट किंवा आइंडहोवनकडची काही घरं बसतात.

भारतातून पैसे आणायचे असतील तर ते सगळ्यात आधी हलवा. बँक आणि नोटारिस दोघंही पैशाचा उगम विचारतात आणि 'वडिलांनी दिले' एवढं पुरत नाही. भेटपत्र, वडिलांच्या खात्याचा उतारा, जमीन विकली असेल तर त्याचा दस्त, आणि तेही इंग्रजीत, असं सगळं लागतं. भारतात राहणारे आईवडील एका आर्थिक वर्षात प्रत्येकी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतात, पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. विवरणपत्र भरल्यावर तो मिळतो, तोवर मात्र अडकतो. तुमच्या स्वतःच्या एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, त्याला चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला लागतो. या कागदांना आठवडे जातात आणि बोली जिंकल्यानंतर हातात आठवडेच उरतात.

वस्ती निवडताना काय बघायचं

ॲमस्टलवीनची ओळख म्हणजे पश्चिमेचं ॲमस्टरडॅमसे बोस हे जवळजवळ १,००० हेक्टरचं जंगल. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकारांना काम देऊन पोल्डरवर, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या जमिनीवर, हाताने लावलेलं. त्याच्या कडेला तायसेपार्क आहे, स्थानिक रानफुलांची बाग म्हणून १९४० पासून घडवत नेलेलं. याच्या जवळचा एल्सराइक भाग युद्धाच्या आधीच्या आणि लगेच नंतरच्या विटांच्या घरांचा. कायझर कारेलपार्क पन्नास-साठच्या दशकातला. दक्षिणेचं वार्डहाउझन सत्तर-ऐंशीच्या दशकातलं आणि वेस्टवाइक मुख्यतः नव्वदीतलं. वेस्टवाइकमधून २५ क्रमांकाची ट्राम ॲमस्टरडॅम झाउद स्टेशनला जाते आणि २०२४ पासून दुसऱ्या टोकाला आउटहोर्नपर्यंत.

हे बांधकामाचं दशक वस्ती निवडताना सगळ्यात उपयोगी पडतं, कारण त्यावरून घराचं दुखणं ओळखता येतं. बीएजी व्ह्यूअर या सरकारी नकाशावर घरावर टिचकी मारली की वर्ष आणि क्षेत्रफळ दिसतं. वोझ-वार्डेलोकेटवर त्याच घराची आणि शेजाऱ्यांच्या घरांची पालिकेने ठरवलेली किंमत वर्षवार मिळते. दोन्ही फुकट आहेत.

मग आवाज. स्किपोल विमानतळ शेजारी आहे. बाउटनवेल्डर्टबान या धावपट्टीवर उतरणारी विमानं ॲमस्टलवीनच्या उत्तर भागावरून येतात, आणि ती प्रामुख्याने वापरात येते जोराचा पश्चिमेचा वारा असताना. शांत, उन्हाच्या रविवारी घर बघितलं तर यातलं काहीच कळत नाही. वारा सुटलेल्या दिवशी, संध्याकाळी सात वाजता, त्याच रस्त्यावर वीस मिनिटं उभं राहा. आटलास लेफओमखेविंग या संकेतस्थळावर पत्ता टाकला की विमानं, रस्ते, रेल्वे यांच्या आवाजाचे नकाशे निघतात, हवेचेही. मुलाला दमा असेल तर ए-९ महामार्गापासूनचं अंतर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

समोरच्या मोकळ्या हिरवळीवर कधीही विश्वास ठेवू नका. ती बाग आहे की बांधकामासाठी राखलेली जागा, हे ओमखेविंग्जलोकेट या सरकारी संकेतस्थळावर 'रेखल्स ओप दे कार्ट' या नकाशात दिसतं. २०२४ च्या १ जानेवारीपासून नवा परिसर कायदा लागू आहे आणि जागेचे नियम तिथे एकत्र आहेत. नकाशावर तो तुकडा 'खरून' म्हणजे हिरवा म्हणून नोंदलेला हवा. 'वोनन' म्हणजे निवासी लिहिलं असेल तर उद्या तिथे इमारत येऊ शकते आणि तुमच्या बागेतलं ऊन जाऊ शकतं.

मुलं चौथ्या वाढदिवसापासून शाळेत जातात, पाचव्यापासून सक्ती. शाळा घरापासून जवळ आहे म्हणून जागा मिळेलच असं नाही. लोकप्रिय शाळांच्या याद्या लांब असतात. बोली लावण्याआधी दोन-तीन शाळांना फोन करून मुलाच्या जन्मतारखेसह विचारा. मूल सहा-सात वर्षांचं असून डच येत नसेल तर प्रश्न वेगळा विचारायचा: नवागतांचा भाषावर्ग कुठे आहे आणि त्यात जागा कधी? ॲमस्टलवीनमध्ये इंटरनॅशनल स्कूल ऑफ ॲमस्टरडॅम आहे आणि २०१८ पासून ॲमिटीचीही शाळा आहे. खाजगी आंतरराष्ट्रीय शाळेची फी मात्र घराच्या हप्त्याशी स्पर्धा करते. शाळा सुटल्यानंतरचं पाळणाघर, म्हणजे बीएसओ, आणि हाउसआर्ट्स म्हणजे कुटुंबाचा डॉक्टर, यांच्याकडे नवे लोक घेतात का, हेही त्याच दिवशी विचारून टाका. डॉक्टर बहुधा आसपासच्या पिनकोडचेच रुग्ण घेतात.

घर बघायला गेल्यावर

पहिल्या भेटीला वीस-तीस मिनिटं मिळतात. स्वयंपाकघराच्या कपाटांवर ती खर्च करू नका. ती बदलता येतात.

आधी बागेत जा आणि घराकडे पाठ करून उभे राहा. मोबाइलच्या होकायंत्रात दक्षिण किंवा नैर्ऋत्य दिसली तर दुपारनंतर ऊन मिळेल. उत्तरेची बाग असेल तर उन्हाळ्याचे काही तास सोडले तर घराची सावली पडते. मग वळा आणि मागच्या दाराचा उंबरठा बघा. पश्चिम नेदरलँड्समध्ये घर खांबांवर उभं असतं आणि बाग नुसत्या मातीवर. पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची माती, आणि मऊ चिकणमाती दरवर्षी खचते, घर खचत नाही. उंबरठ्याखाली एकाऐवजी दोन पायऱ्या आल्या असतील, भिंतीला लागून मातीचा वेगळा रंग दिसत असेल किंवा फरशी नुकतीच उचलून बसवलेली असेल, तर बाग खचते आहे. वाळू आणून ती पुन्हा उचलावी लागेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरातून बाहेर पडणारी सांडपाण्याची नळी याच फटीत ताणली जाते आणि निखळते. शेवटचं कधी बाग उचलली, तेव्हा नळीला लवचीक जोड बसवला का, हे विचारा.

बागेला पाण्याचा चर लागून असेल तर काठ कोणाचा? पुष्कळदा हद्द पाण्याच्या मध्यापर्यंत असते, आणि काठाच्या लाकडी फळ्या व चरातली वनस्पती काढणं हे मालकाचं काम. चर आणि पाण्याची पातळी सांभाळणाऱ्या सरकारी पाणी मंडळाच्या नोंदवहीत, तिला लेखर म्हणतात, ही जबाबदारी लिहिलेली असते. फळ्या कुजून पुढे झुकल्या असतील तर तो खर्च बोलीतून वजा करा. मुलं लहान असतील तर कुंपणाचा खर्चही धरा, आणि पोहण्याच्या ए प्रमाणपत्राच्या वर्गाची यादी आजच गाठा. डच आईबाप चरांच्या देशात हे पोहणं गंभीरपणे घेतात, आपणही घ्यावं.

मोठं झाड सुंदर असतं, पण ते शेजाऱ्याचं आहे की पालिकेचं ते विचारा. कायद्याने झाड हद्दीपासून २ मीटर आणि झुडूपकुंपण अर्धा मीटर आत हवं, पालिकेचा नियम याहून सैल नसेल तर. ठरावीक जाडीच्या वरचं झाड तोडायला परवाना लागू शकतो, मग ते तुमच्या बागेत असलं तरी. सावली नको म्हणून झाड काढू, या हिशेबावर घर घेऊ नका.

आता घरात या आणि पुढच्या दाराजवळची पायपुसणी उचला. तिच्याखाली बहुधा एक झडप असते. ती जमिनीखालच्या पोकळीची, क्राउपराउम्तेची. उघडायची परवानगी मागा. तळाशी पाणी उभं आहे का, कुबट वास येतो का, नळ्या कशा आहेत, मोबाइलच्या उजेडात तुम्हालाही दिसेल. १९६५ ते १९८० च्या सुमाराच्या घरांत तळमजल्याची जमीन क्वाइताल किंवा मांता नावाच्या तयार काँक्रीटच्या तुकड्यांची असू शकते. त्या काँक्रीटमध्ये लवकर घट्ट व्हावं म्हणून क्लोराइड मिसळत. दमट पोकळीत आतल्या लोखंडाला गंज चढतो, तो फुगतो आणि खालून काँक्रीट सुटतं. वरून पार्केट चकचकीत असतं, म्हणून हे पोकळीत उतरल्याशिवाय कळत नाही.

पायाचा प्रश्न वयावर अवलंबून आहे. १९७० च्या आधीच्या घरांखाली मऊ जमिनीच्या भागात लाकडी खांब असू शकतात. पाण्याखाली ते शतक-दोन शतकं टिकतात. भूजल खाली गेलं आणि टोकं हवेत आली की बुरशी लागते. काही प्रकारच्या लाकडाला पाण्याखालीही जिवाणू पोखरतात. भिंतीत जिन्यासारख्या चढत जाणाऱ्या तिरप्या भेगा, न लागणारी दारं, खोलीत एका कडेला घरंगळणारी गोटी, ही लक्षणं. ओळीतल्या घरांना पाया सामायिक असतो, म्हणून शेजाऱ्याने दुरुस्ती केली का हेही महत्त्वाचं. दुरुस्तीचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं आणि कामाच्या वेळी तळमजला रिकामा करावा लागतो. संशय असेल तर पालिकेकडे जुने अहवाल मागा आणि पायाची स्वतंत्र तपासणी करून घ्या. साध्या इमारत तपासणीत खांब तपासत नाहीत.

बाकीचं भराभर. १९९४ च्या आधीच्या घरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, शेडच्या पन्हाळी पत्र्यात आणि जुन्या धुरांड्यात आधी शोधा. १९६० च्या आधीच्या घरात पाण्याच्या नळ्या शिशाच्या नाहीत ना ते बघा. लहान मुलांसाठी यात तडजोड नाही. गॅसचा बॉयलर १५ वर्षांचा झाला की बदलायची वेळ येते, आणि तो भाड्याचा असेल तर करार तुमच्याकडे येतो. सोलर पॅनेल असतील तर त्यांच्या नावाखाली वाढवलेली किंमत देऊ नका, कारण १ जानेवारी २०२७ पासून जास्तीची वीज वर्षअखेर वळती करून घेण्याची सोय संपते. सपाट छपराचं डांबरी आवरण वीस-पंचवीस वर्षं टिकतं.

मराठी स्वयंपाकासाठी एक गोष्ट जरूर तपासा. डच घरात स्वयंपाकघर बैठकीला उघडं असतं. चुलीवरचा धूर खेचणारा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून परत घरात सोडतो? परत सोडणारा असेल तर फोडणीचा वास पडद्यांत राहतो. स्वतंत्र घरात बाहेर नळी काढता येते. फ्लॅटमध्ये सामायिक वायुवीजन असेल तर मोटरचा पंखा त्याला जोडायला सहसा मनाई असते.

बोली

तुमचा एजंट, आनकोपमाकेलार, इथे पैसे वसूल करून देतो. विकणाऱ्याचा एजंट कितीही गोड बोलला तरी तो विकणाऱ्याचा आहे. तुमच्या माणसाला आसपासच्या घरांच्या खऱ्या विक्रीच्या किमती दिसतात. तो संघटनेचा सदस्य आहे ना, एनव्हीएम, व्हीबीओ किंवा फास्टखूटप्रो, हे बघा. करार करताना घर मिळालं नाही तर किती पैसे द्यायचे हेही ठरवा.

जाहिरातीतली किंमत ही बोली मागण्याची सुरुवात असते. ती तुम्ही मान्य केली म्हणजे घर तुमचं झालं असं नाही. बहुतेक चांगल्या घरांना ठरावीक दिवशी दुपारी बारापर्यंत बंद बोली मागतात आणि एकच संधी मिळते. विकणारा सर्वांत मोठा आकडा घेईलच असंही नाही. त्याला नवं घर ऑक्टोबरमध्ये मिळणार असेल तर ऑक्टोबरची तारीख देणारी बोली पाच हजारांनी कमी असूनही जिंकते. म्हणून तारीख काय हवी ते आधी विचारून घ्या. २०२३ पासून या संघटनांचे एजंट बोलींची नोंदवही ठेवतात. विक्री पक्की झाल्यावर हरलेल्यालाही ती नावांशिवाय बघता येते. हरलात तर जरूर मागा, पुढच्या बोलीचा अंदाज त्यातून येतो.

बोलीच्या पत्रात रक्कम, हस्तांतरणाची तारीख आणि अटी लिहा. दोन अटी महत्त्वाच्या: कर्ज मिळालं नाही तर माघार, आणि तपासणीत ठरावीक रकमेच्या वर दुरुस्ती निघाली तर माघार. एजंट सांगेल की कर्जाची अट काढली तर बोली मजबूत होते. होते, खरं आहे. पण मग कर्ज नाकारलं तर किमतीच्या १० टक्के दंड, ५,६०,००० वर ५६,००० युरो. परवाना तात्पुरता असेल, नोकरी नवी असेल किंवा पैसे भारतातून यायचे असतील, तर ही अट काढू नका, घर गेलं तरी चालेल. तपासणीची अट काढायची असेल तर तपासणी बोलीच्या आधी करून घ्या, ५५० युरो बुडाले तरी परवडतात.

सही ते किल्ली

विकणाऱ्याने फोनवर हो म्हटलं तरी खाजगी खरेदीदार म्हणून तुम्ही लेखी करारापर्यंत बांधले जात नाही, आणि विकणाराही नाही. करार बहुतेक गावांत विकणाऱ्याचा एजंट करतो, ॲमस्टरडॅम भागात मात्र नोटारिसकडे करायची पद्धत आहे. सही केलेली प्रत हातात पडली की दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस विचाराला मिळतात. त्यात कारण न देता माघार घेता येते. तीनपैकी दोन दिवस कामाचे असावे लागतात, म्हणून प्रत गुरुवारी मिळाली तर मुदत सोमवारी मध्यरात्री संपते. माघार लेखी आणि वेळेत पोचली पाहिजे.

करारासोबत तीन कागद वाचा. विकणाऱ्याने भरलेली प्रश्नावली, घरात काय राहणार याची यादी, आणि मागच्या खरेदीचा दस्त. दस्तातच सापडतं की तुमच्या बागेतून शेजाऱ्याला सायकल नेण्याचा हक्क आहे. जमीन स्वतःची आहे की एर्फपाख्त, म्हणजे पालिकेकडून दीर्घ भाड्याने, हेही बघा. ॲमस्टरडॅम आणि हेगमध्ये हे फार आढळतं. भाडं किती वर्षांचं भरलेलं आहे आणि नंतर ते कसं ठरणार, हे न कळता सही करू नका.

कर्जाच्या अटीची मुदत साधारण सहा आठवडे असते. त्यात मूल्यांकन, अर्ज आणि बँकेचा अंतिम होकार बसवायचा. मुदत जवळ आली आणि होकार नसेल तर दोनच मार्ग: लेखी मुदतवाढ मागणं किंवा बँकेच्या नकारपत्रासह अट वापरणं. करारात एक नकार लागेल की दोन, हे आधीच बघून ठेवा. मुदत एका दिवसाने चुकली तरी अट मेली. याच काळात १० टक्के रक्कम नोटारिसकडे ठेवायची किंवा बँक हमी द्यायची.

व्याजाची करवजावट हवी असेल तर कर्ज समान हप्त्याचं किंवा समान मुद्दलाचं, ३० वर्षांत पूर्ण फिटणारं हवं. २०२६ मध्ये वजावटीचा कमाल दर साधारण साडेसदतीस टक्के आहे. सल्लागाराची फी, मूल्यांकन आणि कर्जाच्या दस्ताचा खर्च त्या वर्षी वजा करता येतो. हस्तांतरण कर आणि एजंटची फी वजा होत नाही. पावत्या जपा.

फ्लॅट घेत असाल तर मातीऐवजी व्हीव्हीई, म्हणजे मालकांची संस्था, तपासा. कायद्याने तिने इमारतीच्या पुनर्बांधणी मूल्याच्या निदान ०.५ टक्के रक्कम दरवर्षी बाजूला टाकायची असते किंवा दीर्घ दुरुस्तीचा आराखडा पाळायचा असतो. शेवटच्या तीन सभांची इतिवृत्तं मागा. नवं बांधकाम घेतलं तर खरेदीखर्च विकासकाचा असतो, पैसे टप्प्यांनी जातात, आणि शेवटचे ५ टक्के ताबा मिळाल्यानंतर तीन महिने नोटारिसकडे अडकवून ठेवता येतात. तो हक्क सोडू नका.

हस्तांतरणाच्या दिवशी सकाळी एजंटबरोबर घर पुन्हा तपासायचं. सगळे नळ सोडा, बॉयलर चालू करा, क्राउपराउम्तेची झडप पुन्हा उघडा, वीज-गॅस-पाण्याच्या मीटरचे फोटो घ्या. बिघाड सापडला तर तो नोटारिसच्या टेबलावर बोला, दस्तावर सही झाल्यावर नाही. इमारतीचा विमा त्या तारखेपासून चालू हवा, बँक तो मागते. राहायला गेल्यावर पाच दिवसांत पालिकेला पत्ता कळवा. त्या वर्षाचा मालमत्ता कर १ जानेवारीच्या मालकाच्या नावावर येतो, म्हणून उरलेल्या महिन्यांचा वाटा नोटारिसच्या हिशेबात तुमच्याकडून घेतलेला दिसेल. पुढच्या वर्षीपासून पालिकेची आणि पाणी मंडळाची बिलं थेट तुम्हाला येतील. बागेला चर असेल तर शरद ऋतूत पाणी मंडळाची माणसं काठाने पाहणी करत जातात. त्याआधी पाणवनस्पती काढून काठावर ओढून ठेवा.